फॉर्मिंग सिम्युलेशनसाठी पत्र्याच्या चाचण्या: नमुना कापण्यापासून मटेरियल कार्डापर्यंत

कॉइलबरोबर येणाऱ्या टेस्ट सर्टिफिकेटवर, म्हणजे टीसीवर, यील्ड (पत्रा कायमचा बदलू लागतो तो स्ट्रेस, म्हणजे क्षेत्रफळामागचा भार), टेन्साइल (पत्रा सोसतो तो सगळ्यात जास्त स्ट्रेस) आणि इलाँगेशन (तुटेपर्यंतची लांबीतली वाढ) असतं. मिल चांगली असेल तर एन (ताणताना पत्रा किती कडक होत जातो) आणि आर (पत्रा पातळ व्हायला किती विरोध करतो) हेही असतं. माल घ्यायचा की परत पाठवायचा, हे ठरवायला तेवढं पुरतं. सिम्युलेशनला, म्हणजे डायमध्ये पत्रा कसा वागेल याच्या संगणकावरच्या गणिताला, मात्र ते पुरत नाही. डीसी०४ या खोल दाबकामाच्या पोलादी पत्र्याच्या ग्रेडचं उदाहरण घ्या. मानकाप्रमाणे यील्ड जास्तीत जास्त २१० एमपीए, टेन्साइल २७० ते ३५० एमपीए, ८० मिमी गेज लांबीवर इलाँगेशन किमान ३८ टक्के, आर-९० किमान १.६ आणि एन-९० किमान ०.१८. या चौकटीत बसणारे दोन पत्रे एकाच डायमध्ये ठेवले, तर एकाचा पार्ट नीट निघेल आणि दुसऱ्याला कोपऱ्यात क्रॅक जाईल. दोन्हींची टीसी 'ओके'च असेल.

पिंपरी-चिंचवड, चाकण, वाळूज, सातपूर या पट्ट्यात आता बहुतेक टूल रूममध्ये ड्रॉ सिम्युलेशन होतं. तरीही बऱ्याच ठिकाणी सॉफ्टवेअरच्या लायब्ररीतलं तयार मटेरियल कार्ड, म्हणजे पत्र्याच्या गुणधर्मांची फाइल, उचलून गणित चालवतात, आणि ट्रायलमध्ये निकाल जुळला नाही की दोष सॉफ्टवेअरवर जातो. बहुतेक वेळा चूक कार्डात असते. हे कार्ड स्वतः कसं बनवायचं, हे पुढे टप्प्याटप्प्याने दिलं आहे. उदाहरणासाठी सगळीकडे ०.८ मिमी डीसी०४ धरला आहे. आयएस ५१३ मधल्या सीआर४ च्या घरातला, शॉपमध्ये ज्याला अजून ईडीडी म्हणतात, तोच पत्रा.

आधी प्रश्न, मग चाचणी

लॅबला फोन करण्याआधी एक गोष्ट ठरवा: सिम्युलेशनकडून उत्तर कशाचं हवंय? क्रॅक, पातळपणा आणि सुरकुत्या बघायच्या असतील तर तीन दिशांच्या (रोलिंग दिशेशी ०, ४५ आणि ९० अंश) टेन्साइल टेस्ट, बल्ज टेस्ट (तेलाच्या दाबाने पत्रा फुगवणं) आणि एफएलसी (किती ताणल्यावर पत्रा फाटायला लागतो, तो मर्यादेचा वक्र) लागते. स्प्रिंगबॅक, म्हणजे डायमधून सुटल्यावर पत्र्याचं मागे उसळणं, बघायचा असेल तर त्यात लोड-अनलोड आणि उलटसुलट ओढ-दाब यांची भर पडते. फ्लँजची किंवा भोकाची कड फाटते का, हे हवं असेल तर होल एक्स्पान्शन, म्हणजे भोक शंकूने रुंदावत नेण्याची चाचणी. सगळं एकदम केलं तर खर्च मोठा होतो, आणि अर्ध्याहून जास्त आकडे मॉडेलमध्ये जातच नाहीत.

पैसे मोजकेच असतील तर क्रम असा ठेवा: तीन दिशांची टेन्साइल, मग बल्ज, मग एफएलसी. अनेक जण एफएलसी आधी करून घेतात, कारण तो आलेख रिपोर्टमध्ये दिसतो. पण एफएलसी ही नुसती मोजपट्टी आहे. पार्टवरचा स्ट्रेनच (पत्रा कुठे किती ताणला गेला ते) चुकीचा काढला असेल तर मोजपट्टी कितीही अचूक असून उपयोग नाही. तो स्ट्रेन ठरतो हार्डनिंग वक्रावरून, म्हणजे स्ट्रेन वाढेल तसा स्ट्रेस किती वाढतो, त्या आलेखावरून.

नमुना: कुठून, किती, कसा

कॉइलचे पहिले आणि शेवटचे वेढे टाळा. तिथे जाडी आणि गुणधर्म दोन्ही हलतात. पत्रा एकाच कॉइलचा हवा, आणि नमुने काठापासून साधारण रुंदीच्या चौथ्या भागावरून घ्या. संपूर्ण संचाला किती माल लागतो? टेन्साइलसाठी तीन दिशा गुणिले पाच, म्हणजे १५ तुकडे. त्यांतले प्रत्येकी तीन मोजायचे, दोन राखीव. बल्जसाठी चार ब्लँक, म्हणजे मापात कापलेले सपाट तुकडे. नाकाजिमा पद्धतीच्या (अर्धगोल पंचाने घुमट काढायच्या) एफएलसीसाठी किमान पाच आकार आणि प्रत्येकाचे तीन यशस्वी नमुने; फुकट जाणारे धरून वीस ब्लँक कापा. कापण्यातली नासाडी धरली तर दोन चौरस मीटर पत्रा लागतो.

कापायच्या आधी, अख्खा पत्रा समोर असतानाच, प्रत्येक तुकड्याच्या जागी रोलिंग दिशेचा बाण आणि नंबर मार्करने लिहा. तुकडे सुटे झाल्यावर ० कुठला आणि ९० कुठला, हे डोळ्यांना कळत नाही. ० आणि ९० ची अदलाबदल ही या कामातली सगळ्यात जास्त होणारी चूक आहे आणि ती शेवटपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

टेन्साइलचा तुकडा आयएसओ ६८९२-१ मधल्या टाइप २ चा घ्या: रुंदी २० मिमी, गेज लांबी ८० मिमी, समांतर भाग १२० मिमी, एकूण लांबी सुमारे २५० मिमी. समांतर भागात रुंदीचा चढउतार ०.०५ मिमीच्या आत ठेवा. अमेरिकन पद्धतीचा १२.५ बाय ५० मिमीचा तुकडाही चालतो, पण दोन्हींचं एकूण इलाँगेशन एकमेकांशी ताडून बघू नका. नेकिंगनंतरची (तुकडा एका जागी बारीक व्हायला लागल्यानंतरची) लांबी गेज लांबीवर अवलंबून असते, म्हणून ५० मिमीवरचा आकडा नेहमी मोठा दिसतो.

शिअरवर कापलेला तुकडा तसाच ओढू नये. शिअरची कड कडक झालेली असते आणि तिच्यावर बारीक भेगा असतात. यील्ड वर सरकतं आणि तुकडा लवकर तुटतो. दोन्ही बाजूंना तीन-तीन मिमी जादा ठेवून शिअर करा, दहा-बारा तुकड्यांची थप्पी घट्ट बांधा आणि मिलिंग करून मापात आणा. वायरकट चांगला, थोडा महाग. लेझरची कड तापलेली असते, त्यामुळे लेझरनंतरही मिलिंगचा एक हात लागतोच. शेवटी ४०० किंवा ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने कडेची बर, म्हणजे कापताना राहिलेली खरखरीत धार, लांबीच्या दिशेने काढा. आडवा घासू नका, आडव्या ओरखड्यावरून तुकडा फाटतो.

पत्र्याचं वयही बघा. डीसी०४ वर स्ट्रेचर स्ट्रेन, म्हणजे ओढल्यावर पृष्ठभागावर उमटणारे पट्टे, येणार नाहीत, ही हमी मानकात सहा महिन्यांची आहे. डीसी०१ ला तीन महिन्यांची, तर आयएफ (सुटा कार्बन-नायट्रोजन जवळजवळ नसलेलं पोलाद) असलेल्या डीसी०६ ला मुदतीची मर्यादा नाही. एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याच्या शेडखाली पडलेली कॉइल लवकर म्हातारी होते. वक्राच्या सुरुवातीला सपाट पायरी दिसली तर चाचणीची चूक समजू नका. पत्रा एज झालाय. दारांच्या बाहेरच्या पॅनलसाठी वापरतात त्या ६००० मालिकेच्या अॅल्युमिनियमचं यील्डही टी४ अवस्थेत महिन्यांगणिक वाढत जातं. म्हणून चाचणीची तारीख कार्डावर असलीच पाहिजे.

जाडी आणि झिंक

जाडी ०.००१ मिमी वाचणाऱ्या मायक्रोमीटरने समांतर भागात तीन ठिकाणी मोजा. कोल्ड रोल्ड पत्र्यात विषय इथेच संपतो. गॅल्व्हनाइज्डमध्ये संपत नाही. जीआय १२० म्हणजे दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला १२० ग्रॅम झिंक. झिंकची घनता घनसेंटिमीटरला ७.१४ ग्रॅम धरली तर दोन्ही बाजू मिळून जवळपास १७ मायक्रॉन होतात. ०.७ मिमी पत्र्यात हे २.४ टक्के. झिंक भार जवळजवळ उचलत नाही, म्हणून एकूण जाडीने भागलं तर स्ट्रेस तेवढाच कमी दिसतो.

मानक चाचणीत मूळ पोलादाची जाडी धरतात. त्यासाठी तुकड्याच्या टोकावरचं झिंक इनहिबिटर घातलेल्या पातळ हायड्रोक्लोरिक अॅसिडमध्ये विरघळवा. बुडबुडे थांबले की झिंक गेलं. धुवा, पुसा, मोजा. हातमोजे, चष्मा आणि मोकळी हवा हवीच. सिम्युलेशनमध्ये मात्र एकच शिस्त पाळा: स्ट्रेस ज्या जाडीने काढला, तीच जाडी ब्लँकला द्या. एकात पोलादाची आणि दुसऱ्यात एकूण जाडी घातली, तर भाराचं गणित आपोआप चुकतं.

टेन्साइल टेस्ट

आधी लोड सेल बघा. ०.८ गुणिले २० म्हणजे १६ चौरस मिमी. ३०० एमपीएला भार होतो ४.८ किलोन्यूटन. बऱ्याच लॅबमध्ये सळई आणि प्लेट ओढायचं ६०० किलोन्यूटनचं मशिन असतं. त्यावर हा भार क्षमतेच्या एक टक्काही होत नाही. १० किंवा २० किलोन्यूटनचा लोड सेल मागा, आणि त्याचं कॅलिब्रेशन ज्या पट्ट्यात आहे त्यात तुमचा भार येतो का, हे सर्टिफिकेटवर वाचा. लॅब एनएबीएल मान्यताप्राप्त असली तरी मान्यता कोणत्या चाचणीला आणि कोणत्या रेंजला आहे, हे तिच्या स्कोपमध्ये लिहिलेलं असतं. तेही वाचा.

पकडताना वरचा जबडा आधी आवळा, भार शून्य करा, मगच खालचा आवळा. खालचा आवळताना पातळ पत्र्यावर थोडा दाब येतो. तो काढायला किंचित प्रीलोड द्या, पण आता भार पुन्हा शून्य करू नका. पुन्हा शून्य केलं तर तेवढा भार वक्रातून कायमचा गायब होतो.

लांबी क्रॉसहेडच्या सरकण्यावरून कधीच मोजू नका. त्यात जबड्यांची घसरण आणि मशिनचं लवणं मिसळतं, आणि पोलादाचा इलॅस्टिक उतार २१० जीपीएच्या ऐवजी त्याच्या काही अंशाएवढा येतो. लांबीसाठी एक एक्स्टेन्सोमीटर आणि रुंदीसाठी दुसरा, असे दोन हवेत. दोन्ही किमान क्लास १ चे. डीआयसी, म्हणजे ठिपक्यांची कॅमेऱ्याने मोजणी, असेल तर एकातच दोन्ही होतं. त्यासाठी मॅट पांढऱ्या थरावर काळे ठिपके फवारा, प्रत्येक ठिपका कॅमेऱ्यात तीन ते पाच पिक्सेलचा. रंग लावल्यावर त्याच दिवशी ओढा. दोन दिवस वाळलेला रंग मोठ्या स्ट्रेनला पापुद्र्यासारखा सुटतो, आणि नेकिंगच्या ऐन जागी मोजणी हरवते.

वेगाचं गणित असं. यील्डपर्यंत सेकंदाला ०.०००२५, त्यानंतर सेकंदाला ०.००६७, हे मानकातले दर. १२० मिमी समांतर भागाला ते मिनिटाला १.८ मिमी आणि ४८ मिमी होतात. दर बदलतो त्या क्षणी पोलादाच्या वक्रात छोटी उडी येते, कारण दर वाढला की स्ट्रेस वाढतो. दराचा घातांक एम साध्या पोलादाला ०.०१ ते ०.०२ च्या आसपास असतो, ०.०१५ धरला तर सत्तावीस पट दरवाढीला उडी पाच टक्क्यांची होते. टीसीसाठी हे चालतं. कार्डासाठी उडीच्या आधीचा भाग त्याच प्रमाणात वर उचलावा लागतो. त्यापेक्षा एक-दोन तुकडे सुरुवातीपासून एकाच दराने ओढून घेतलेले बरे.

डेटा सेकंदाला किमान ५० बिंदूंनी नोंदवा. २०० एमपीए यील्डला इलॅस्टिक स्ट्रेन ०.००१ च्याही आत असतो, म्हणजे हळू दरातही तो भाग चारेक सेकंदांत संपतो. दहा बिंदूंनी नोंदवलं तर यील्डच्या आसपास हातात चाळीसच्या आत बिंदू उरतात.

लॅबकडून पीडीएफ घेऊ नका. प्रत्येक तुकड्याची भार, लांबी, रुंदी आणि वेळ यांची कच्ची फाइल मागा, आणि ते कामाच्या ऑर्डरमध्येच लिहा. नंतर मागितली तर अनेकदा ती पुसलेली असते.

कच्च्या आकड्यांपासून खरा वक्र

१. सुरुवातीचा वाकडा भाग काढा: इलॅस्टिक रेषा मागे वाढवून जिथे शून्य भाराला छेदते, तो नवा शून्य.

२. खरा स्ट्रेन म्हणजे एक अधिक इंजिनिअरिंग स्ट्रेन, त्याचा नैसर्गिक लॉग. खरा स्ट्रेस म्हणजे इंजिनिअरिंग स्ट्रेस गुणिले तोच एक अधिक स्ट्रेन. २० टक्क्यांना ३०५ एमपीए असेल तर खरा स्ट्रेन ०.१८२ आणि खरा स्ट्रेस ३६६ एमपीए.

३. खऱ्या स्ट्रेनमधून स्ट्रेस भागिले यंग्ज मॉड्युलस वजा करा. उरतो प्लास्टिक स्ट्रेन, म्हणजे भार सोडल्यावरही कायम राहणारा. काही सॉफ्टवेअर एकूण स्ट्रेन मागतात, काही प्लास्टिक. मॅन्युअल उघडून खात्री करा.

४. जास्तीत जास्त भाराच्या बिंदूला वक्र कापा. पुढचा भाग टाकून द्या. नेकिंग सुरू झाल्यावर स्ट्रेन एका जागी साठतो, आणि ८० मिमीवरची सरासरी काहीच सांगत नाही. हा खाली येणारा भाग तसाच कार्डात घातला तर सॉफ्टवेअरला पत्रा मऊ होताना दिसतो आणि गणित कोसळतं.

५. वक्र गुळगुळीत करा आणि तो सतत चढता आहे ना, बघा. यील्डची पायरी असेल तर तिच्या पुढचा भाग फिट करून मागे यील्डपर्यंत न्या.

एन हा एकच आकडा डीसी०४ ला बऱ्यापैकी लागू पडतो. डीपी५९० सारख्या ड्युअल फेज पोलादाला नाही. तिथे सुरुवातीला एन मोठा असतो आणि स्ट्रेन वाढेल तसा घसरत जातो. १० ते २० टक्क्यांमधला एन घेतला तर पहिल्या पाच टक्क्यांतलं वागणं हुकतं, आणि मोठ्या उथळ पॅनलमध्ये नेमका तेवढाच स्ट्रेन येतो. अशा पोलादाला बिंदूंचा तक्ताच द्या.

आर मोजताना हात का थरथरू नये

आर म्हणजे रुंदीतला स्ट्रेन भागिले जाडीतला स्ट्रेन. पण जाडी थेट मोजत नाहीत. आकारमान बदलत नाही या गृहीतावर लांबी आणि रुंदीवरून ती काढतात. कारण आकड्यांत दिसतं. २०.०० मिमी रुंदीचा तुकडा २० टक्के ओढला आणि रुंदी १७.८५ झाली. लांबीचा स्ट्रेन ०.१८२३, रुंदीचा उणे ०.११३७, म्हणून जाडीचा उणे ०.०६८६, आणि आर १.६६. आता रुंदी चुकून १७.९० वाचली: आर १.५५ येतो. म्हणजे ०.०५ मिमीच्या चुकीला आरमध्ये ०.१ चा फरक. हीच चाचणी मायक्रोमीटरने जाडी मोजून केली आणि ०.७४७ च्या ऐवजी ०.७५७ वाचली, तर आर २.०६ येतो. ०.७३७ वाचली तर १.३९. शंभरावा भाग इकडेतिकडे झाला की गुणधर्म बदलला.

म्हणून रुंदी किमान तीन ठिकाणी मोजा. एक्स्टेन्सोमीटरने भाराखाली मोजत असाल तर इलॅस्टिक स्ट्रेन वजा करा. आर कोणत्या स्ट्रेनला मोजला तेही लिहा. साध्या पोलादाला १५ किंवा २० टक्के चालतात, पण तो बिंदू समान इलाँगेशनच्या, म्हणजे नेकिंग सुरू होण्याआधीच्या वाढीच्या, आत असलाच पाहिजे. डीपी पोलादाला समान इलाँगेशन कमी असतं, तिथे १० टक्क्यांवर थांबा किंवा एका पट्ट्यातला उतार घ्या.

तीन दिशांचे आकडे मिळाले की सरासरी आर काढा: आर-०, दोन वेळा आर-४५ आणि आर-९० यांची बेरीज भागिले चार. समजा १.८, १.४ आणि २.१ आले, सरासरी १.६७५. दिशांमधला फरक, म्हणजे डेल्टा आर, आर-० अधिक आर-९० वजा दोन वेळा आर-४५, याचा निम्मा: ०.५५. तो धन असेल तर गोल कपच्या काठावर कान ० आणि ९० अंशांवर उठतात, ऋण असेल तर ४५ वर. ट्रायलमध्ये एक कप काढून बघितला की नमुन्यांच्या दिशा अदलाबदल झाल्या आहेत का, याचा थोडा अंदाज येतो: ४५ चा तुकडा चुकला असेल तर कान भलत्याच जागी दिसतात.

नेकिंगच्या पुढे: कार्ड इथे घडतं किंवा बिघडतं

डीसी०४ चा टेन्साइल वक्र ०.२ च्या आसपास संपतो. खोल पार्टच्या कोपऱ्यात स्ट्रेन ०.५ किंवा त्याहून जास्त जातो. मधला सगळा रस्ता अंदाजाचा असतो, आणि तो अंदाज कोणत्या सूत्राने केला, यावर निकाल अवलंबून राहतो.

प्रत्यक्ष बघा. हॉलोमन सूत्र, म्हणजे स्ट्रेस बरोबर के गुणिले स्ट्रेनचा एन हा घात: के ५२० एमपीए, एन ०.२२. व्होस सूत्र: ३९४ वजा २१२ गुणिले, ई चा उणे दहा स्ट्रेन हा घात. ०.०२ ते ०.२ पर्यंत दोन्हींमधला फरक दोन टक्क्यांच्या आत राहतो. आलेखावर एकावर एक दिसतात. ०.५ ला हॉलोमन ४४६ सांगतो आणि व्होस ३९३. ०.८ ला हॉलोमन ४९५, व्होस अजून ३९४ वरच. एकाच चाचणीवर उभी दोन कार्डं, आणि स्ट्रेसमध्ये शंभर एमपीएचा फरक. हॉलोमनने पत्रा खरा असतो त्याहून जास्त सोसणारा दिसतो, व्होसने लवकर थकणारा. साधी पोलादं स्विफ्ट-हॉलोमनच्या बाजूला झुकतात, अॅल्युमिनियम व्होसच्या. म्हणूनच सॉफ्टवेअरमध्ये स्विफ्ट (हॉलोमनसारखं चढत राहणारं सूत्र) आणि हॉकेट-शर्बी (व्होससारखं सपाट होणारं) यांचं मिश्रण देतात, आणि मिश्रणाचा भाग तुम्हाला भरायला लावतात. तिथे डीफॉल्ट आकडा ठेवला तर बाकीच्या सगळ्या चाचण्यांचा खर्च अर्धा वाया जातो.

तो भाग ठरवायला बल्ज टेस्ट, आयएसओ १६८०८ प्रमाणे. पत्रा कडेला बीडने (डायवरच्या गोल उंचवट्याने) घट्ट आवळायचा, खालून तेलाचा दाब द्यायचा आणि वरून दोन कॅमेऱ्यांनी घुमटाची त्रिज्या आणि स्ट्रेन मोजायचे. घर्षण नाही, त्यामुळे पत्रा घुमटाच्या माथ्यावर ०.५ च्या पुढेपर्यंत सरळ नेता येतो. स्ट्रेस म्हणजे दाब गुणिले त्रिज्या भागिले दोन वेळा त्या क्षणाची जाडी. दाब ६ एमपीए, त्रिज्या ८० मिमी, दोन्ही पृष्ठभागीय स्ट्रेनची बेरीज ०.५ असेल तर जाडी ०.८ वरून ०.४८५ मिमी झालेली असते आणि स्ट्रेस ४९५ एमपीए. कॅमेऱ्यांपुढे जाड काच लावा. पत्रा फुटतो तेव्हा तेल जोरात उडतं. कडेला पत्रा सरकला का, हे बीडच्या खुणेवरून तपासा. डायच्या भोकाचा व्यास जाडीच्या ३३ पटींपेक्षा कमी नसावा, नाहीतर वाकण्याचा स्ट्रेस त्यात मिसळतो.

हा द्विअक्षीय, म्हणजे एकदम दोन दिशांनी ओढणारा, स्ट्रेस आहे, टेन्साइलच्या वक्रावर तसाच चिकटवता येत नाही. दोन्ही वक्रांत समान प्लास्टिक काम झालेले बिंदू शोधा, तिथल्या स्ट्रेसचं गुणोत्तर काढा आणि त्याने बल्जचा वक्र खाली आणा. समजा तसं करून ०.५ ला ४३० एमपीए आले. वरच्या दोन सूत्रांत ४४६ आणि ३९३; म्हणजे मिश्रणात हॉलोमनचा भाग ०.७. मग ०.८ ला ४६५ एमपीए. अंदाजाच्या जागी मोजलेला आकडा आला.

यील्ड पृष्ठभाग

यील्ड पृष्ठभाग म्हणजे वेगवेगळ्या दिशांनी एकदम ओढताना पत्रा कधी कायमचा बदलू लागतो, हे सांगणारं मॉडेल. समान कामाचं जे गुणोत्तर वर काढलं, त्याचा दुसरा उपयोग इथे आहे. हिल ४८ हे मॉडेल तीन आर आकड्यांवर चालतं आणि द्विअक्षीय स्ट्रेस स्वतःच ठरवतं: सरासरी आर १.७ ला ते टेन्साइलच्या १.१६ पट सांगतं. मोजलेलं गुणोत्तर सहसा त्याहून कमी येतं. अॅल्युमिनियमला उलट: आर ०.७ ला हिल ०.९२ सांगतं, प्रत्यक्षात आकडा एकच्या आसपास असतो. म्हणून अॅल्युमिनियमला हिल ४८ वापरू नये. साध्या पोलादाच्या रोजच्या कामाला ते अजून चालतं. बार्लाटच्या 'यील्ड २०००' मॉडेलला आठ आकडे लागतात: तीन दिशांचे स्ट्रेस, तीन दिशांचे आर, द्विअक्षीय स्ट्रेस आणि द्विअक्षीय आर. घातांक पोलादाला ६, अॅल्युमिनियमला ८. द्विअक्षीय आर बल्जच्या माथ्यावरच्या दोन स्ट्रेनवरून निघतो, किंवा टेफ्लॉन फिल्म लावून छोटी चकती दाबून.

एफएलसी

आयएसओ १२००४-२, नाकाजिमा पद्धत, १०० मिमी अर्धगोल पंच, वेग सेकंदाला १.५ मिमी. अरुंद कमरेच्या पट्टीपासून पूर्ण गोलापर्यंत किमान पाच आकार. सगळं यश वंगणावर आहे: टेफ्लॉन फिल्म आणि ग्रीसचे एकावर एक थर, प्रत्येक नमुन्याला नवे. फाट माथ्यापासून पंचाच्या व्यासाच्या १५ टक्क्यांच्या आत, म्हणजे १५ मिमीत, पडली पाहिजे. बाहेर पडली तर नमुना रद्द, वंगण वाढवा. अरुंद आकारांच्या कडेला बर राहिली तर फाट कडेपासून सुरू होते, तोही रद्द.

चाचणी परवडत नसेल तर साध्या पोलादाला कीलर-ब्रेझियरचं सूत्र आहे: २३.३ अधिक १४.१३ गुणिले जाडी, सगळं गुणिले एन भागिले ०.२१. ०.८ मिमी आणि एन ०.२१ ला सर्वात खालचा बिंदू ३४.६ टक्के, खरा स्ट्रेन ०.२९७. डीपीच्या वरच्या ग्रेडना आणि अॅल्युमिनियमला हे सूत्र लावू नका.

स्प्रिंगबॅक हवा असेल तर

ओढून सोडलेल्या पत्र्याचा परतीचा उतार पहिल्या उताराएवढा नसतो. काही टक्के प्लास्टिक स्ट्रेननंतर तो १० ते २० टक्के कमी होतो आणि मग स्थिरावतो. १, २, ४, ६, ८ आणि १० टक्क्यांना भार सोडून पुन्हा ओढा, प्रत्येक फेऱ्यात वरच्या आणि खालच्या टोकाला जोडणाऱ्या रेषेचा उतार घ्या. त्याखेरीज डाय रेडियसवरून जाताना पत्रा एकदा वाकतो आणि पुन्हा सरळ होतो. हे उलटं वागणं टिपायला ओढ-दाब चाचणी लागते. पातळ पत्रा दाबात लचकतो म्हणून दोन्ही बाजूंनी आधाराच्या प्लेट लावतात, आणि प्लेटचं घर्षण स्ट्रेसमधून वजा करावं लागतं. हे काम मोजक्याच लॅब नीट करतात. डीपी५९० च्या वरच्या पोलादाला योशिदा-उएमोरी मॉडेल यासाठीच भरतात. डीसी०४ च्या आतल्या पॅनलला एवढा खर्च नको.

कडेची फाट हवी असेल तर आयएसओ १६६३०: १० मिमी पंच केलेलं भोक, क्लिअरन्स (पंच आणि डायमधली फट) जाडीच्या १२ टक्के, ६० अंशांचा शंकू, बर डायच्या बाजूला म्हणजे शंकूच्या विरुद्ध. क्लिअरन्स बदलला की आकडा बदलतो, म्हणून पंच बोथट झालाय का, ते आधी बघा.

कार्ड तपासणं

पहिली तपासणी फुकटात होते: त्याच टेन्साइल तुकड्याचं शेल मॉडेल (सिम्युलेशनमधलं पातळ पत्र्याचं मॉडेल) करून, नवं कार्ड घालून ओढा. भार-लांबीचा वक्र जास्तीत जास्त भारापर्यंत चाचणीशी जुळला नाही, तर एकूण आणि प्लास्टिक स्ट्रेनचा घोळ किंवा जाडीचा घोळ आहे. दुसरी तपासणी नाकाजिमाच्या घुमटाची: पंचाचा भार आणि माथ्यापासून काठापर्यंतची जाडी ताडा. इथे घर्षणही घुसतं, आणि अनेक जण ते ०.१५ ठेवून देतात. घर्षण हलवून भार जुळवायचा मोह टाळा. आधी जवळजवळ घर्षणरहित बल्ज जुळवा, मगच घर्षणाला हात लावा.

एरिक्सन कप टेस्ट प्रत्येक लॅबमध्ये असते, २० मिमी गोळा आणि २७ मिमी भोक. तिचा आकडा कार्डात कुठेच जात नाही. दोन कॉइलमध्ये फरक पडलाय का, हे पाच मिनिटांत बघायला ती उत्तम.

कार्डाच्या फाइलमध्ये वर एवढं लिहा: कॉइल नंबर, चाचणीची तारीख, जाडी पोलादाची की एकूण, कोणत्या दराने ओढलं, आर कोणत्या स्ट्रेनला, फिट कोणत्या पट्ट्यात केला, मिश्रणाचा भाग किती आणि तो कशावरून आला. आणि राहिलेला अर्धा चौरस मीटर पत्रा, बाणासकट, डाय बाय-ऑफ होईपर्यंत, म्हणजे ग्राहक डाय स्वीकारेपर्यंत, सपाट ठेवा. ट्रायलमध्ये क्रॅक आला तर त्यातले तीन तुकडे आणि ट्रायलच्या कॉइलचे तीन तुकडे एकाच दिवशी, एकाच मशिनवर ओढता येतात, आणि कॉइल बदललीय की कार्ड चुकलंय, हे त्याच संध्याकाळी कळतं.